निंबाखालची राहुटी

मित्रांनो, मी एक जुनी राहुटी आहे आणि मला राग आला आहे. जुन्या वस्तूनं हळू आवाजात बोलावं, अधूनमधून उसासा टाकावा आणि शेवटी थोडा उपदेश करून गप्प बसावं, असं तुम्हाला वाटत असेल. मीही गप्प बसेन, पण सगळं सांगून झाल्यावर.

तुमच्यापैकी पुष्कळांनी राहुटी जवळून पाहिली नसेल. जत्रेत, मेळाव्यात दुकानदार कापडाचं घर उभारतात ना, मधोमध उंच आणि दोन्ही अंगांना उतरतं, ते म्हणजे मी. माझं कापड जाड सुती, मातीच्या रंगाचं. कडेनं पितळी कड्या आणि कड्यांत अंबाडीचे दोर. हल्लीच्या कापडासारखी मी सळसळत नाही. वारा आला की मी पोट भरून श्वास घेते आणि सोडते, एवढंच.

माझा जन्म खामगावचा. सुरुवातीला माझं कापड एका ट्रकवर होतं. कापसाच्या गाठी भरल्या की वरून मला आवळत. मी स्वतः कापसाचीच, त्यामुळे माहेरच्या माणसांची राखण करावी तशी मी त्या गाठींना दवापासून, धुळीपासून जपत असे. पुढे मालकानं ट्रक विकला आणि मला वखारीत टाकलं. तिथून सहदेव मला घेऊन गेला.

सहदेव चिखली तालुक्यातल्या उंद्रीचा. तेव्हा तो एसटीत नुकताच ड्रायव्हर लागला होता. त्याची बायको बेबीताई. बेबीताईंची शाळा लहानपणी सुटली, पण वाचन सुटलं नाही. भाकरी थापतानाही त्यांचं पुस्तक परातीला टेकवून उभं असे आणि पानांवर पीठ पडत असे. दुसरबीडच्या पुढे एका मोठ्या मैदानावर दर वर्षी थंडीच्या दिवसांत मेळावा भरतो. लांबलांबची माणसं येतात, भाषणं होतात, गाणी होतात, भोजनदान होतं, आणि पुस्तकांची दुकानं लागतात. बेबीताई नवऱ्याला म्हणाल्या, "मले तिथी पुस्तकाईचं दुकान लावा लागते."

"लाव ना," सहदेव म्हणाला, "पण उन्हात बसशीन का? डोक्यावर काई तं पाह्यजे."

ते 'काई तं' म्हणजे मी. खामगावच्या एका म्हाताऱ्या कारागिरानं मला राहुटीचं रूप दिलं. त्यानं मेण ओढलेल्या दोऱ्यानं दुहेरी शिवण घातली, कड्या ठोकल्या, आणि लोखंडी खुंट्या ठेवायला माझ्याच कोपऱ्यात एक पिशवी शिवून दिली. "खुट्या राहुटीपासून दूर केल्या का हारपल्या," तो म्हणाला होता. ही पिशवी लक्षात ठेवा.

आता त्या मैदानाचा रिवाज सांगते, कारण सगळं त्यावरच अडलेलं आहे. तिथं जागेची चिठ्ठी नसते, क्रमांक नसतो. ज्याची राहुटी उभी, त्याची जागा. माणूस जेवायला जावो, आंघोळीला जावो, राहुटी चारी कोपऱ्यांनी बांधलेली आहे तोवर तिथं दुसऱ्या कुणी खुंटी ठोकायची नाही. मेळावा संपेपर्यंत जो जागेवर टिकला, त्याची ती जागा पुढच्या वर्षीही राखली जाते. पण मेळावा चालू असताना राहुटी उतरली, जमीन मोकळी दिसली, की पहिला बांबू रोवेल त्याची जागा, आणि मग पुढच्या वर्षीही त्याचीच. यावर कुणी तंटा करत नाही.

आमची जागा निंबाखाली होती. पाण्याच्या नळाकडे जाणारी वाट तिथूनच जायची, म्हणून सगळं मैदान आमच्यासमोरून जाई. माझ्या सावलीत बायका पदरानं घाम पुसत पुस्तकं चाळत. कुणी उभ्याउभ्याच अर्धं पुस्तक वाचून काढी. बेबीताई हटकत नसत, उलट बसायला पाट सरकवीत. त्यांचा मुलगा प्रसेनजित माझ्याच खाली रांगला. पुढे मंजुश्री नावाची मुलगी कवितांचं पुस्तक घ्यायला आली, ते बदलून घ्यायला पुन्हा आली, मग परत बदलायला आली. तिच्या हातात दर वेळी पुस्तक वेगळं असे, पण पाहायची ती प्रसेनजितकडेच. आज ती त्या घरची सून आहे. तेव्हा माझ्या कापडात उजेड कसा मऊ होऊन उतरायचा, हे तिला आठवत असेल की नाही कोण जाणे. मला आठवतं.

वर्षातून एकदाच येणारी गिऱ्हाइकंही होती. लोणारच्या पलीकडून धम्मशीला नावाची एक म्हातारी यायची. दर वर्षी तिला मागच्या वर्षीपेक्षा मोठ्या अक्षरांचं पुस्तक लागे. तिच्याजवळ बेबीताईंचं नाव नव्हतं, फोन नव्हता. ती मैदानावर विचारायची, "निंबाखालची पुस्तकवाली कोठी हाये?" आणि लोक बोट दाखवायचे. माझ्याकडेच ना ते बोट?

एवढं सगळं केल्यावर माझं काय झालं ते ऐका.

सहदेव निवृत्त झाला. प्रसेनजितला चिखलीत नोकरी होती, पण त्याला गाड्यांचं वेड बापाकडून आलेलं. त्यानं शाळेची एक जुनी व्हॅन घेतली आणि तिची मुक्कामाची गाडी केली. आत झोपायला पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, लाकडासारखी दिसणारी गुळगुळीत जमीन. लोणारचं सरोवर पाहायला बाहेरगावचे लोक येतात, त्यांना गाडीतच राहायची हौस असते. त्यांना गाडी भाड्यानं द्यायची, असा त्याचा बेत. बेत चांगलाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण मेळाव्याचे दिवस जवळ आले तसा घरात वाद सुरू झाला. बेबीताईंचे गुडघे दुखत होते, म्हणून यंदा त्यांना मेळाव्याला गाडीनंच जायचं होतं. प्रसेनजित म्हणाला, "आई, आता पुरे कर ना दुकान. त्याच दिवसाईत लोणारले गर्दी राह्यते."

बेबीताईंनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, "निंबाखाली जागा हाये तवर मी जाईन. ज्या दिवशी ती जागा गेली, त्या दिवशी दुकान बंद. मंग तुले गाडी नाई मांगत."

"पक्कं?"

"पक्कं."

म्हणजे समजलं ना तुम्हाला? त्या बाईनं आपलं सगळं त्या निंबाखालच्या जमिनीवर ठेवलं. आणि ती जमीन राखायचं काम इतकी वर्षं कोण करत होतं, याची त्या ओट्यावर कुणाला आठवणसुद्धा झाली नाही! मी तेव्हा अंगणात सोयाबीनच्या ढिगावर पसरलेली होते. सगळं ऐकत होते.

गाडीला मांडव निवडायचं काम त्याच संध्याकाळी निघालं. गाडीच्या बाजूला कापडाची ओसरीसारखी पडवी असली म्हणजे खाली खुर्च्या टाकून बसता येतं. प्रसेनजितनं आईपुढे मोबाइल धरला.

"हा पाह्य. हा गाडीलेच कायमचा फिट होते. टपाजवळ गुंडाळी राह्यते. ओढला का मांडव, सोडला का बंद."

"आन् हा दुसरा?"

"हा आपल्या पायावर उभा राह्यते. गाडीले नुसता अडकवाचा. गाडी काढून नेली तरी हा जाग्यावरच."

"आन् हे फुगेल काय व्हय?"

"त्यात बांबू नाई, लोखंड नाई. हवा भरा लागते, का झाला उभा."

खाटेवर पडलेला सहदेव उठून बसला. "हवा? जलमभर टायरातली हवा पाह्यली मी. आता छपराचंबी पंक्चर काढू का बे?"

मंजुश्री हसता हसता चहा सांडवून बसली. बेबीताईंनी मात्र मोबाइल डोळ्यांजवळ नेला. "रंग कोणते हायेत?"

"पयला निळ्यात हाय. पायावरचा राखाडी नाई तं खाकी."

"राखाडी?" बेबीताईंनी मोबाइल असा दूर केला, जणू हाताला राख लागली. "सारं मैदान निळ्या पताकाईनं भरेल राह्यते, आन् मी राखाडीखाली बसू? चुलीतून काढली का मले? निळाच घे."

"आई, मधातच गाडी काढा लागली तं?"

"कायले काढा लागते? तुहे बाबा पळून चालले का कोठी?"

"या वयात कोण नेते मले?" सहदेव म्हणाला, सगळे हसले, आणि निळा मांडव ठरला.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी त्या वेळी सगळी आळी गोळा केली असती. मैदानावर दर सकाळी शिटी वाजते, गर्दी सुरू व्हायच्या आत सगळ्या गाड्या बाहेर काढाव्या लागतात, हे या घराला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण इतकी वर्षं ते एसटीनं जात, सामान कुणाच्या तरी टेम्पोतून जाई, आणि टेम्पो उतरवून लगेच परत फिरे. शिटी ही दुसऱ्यांची भानगड होती. आता स्वतःची गाडी आली तरी त्यांच्या मनात ती शिटी दुसऱ्यांसाठीच वाजत राहिली. आणि निळ्यावरच्या मायेपुढे बाकीचं कुणाला दिसलं नाही. त्या रंगावर माझा राग नाही. आभाळभर पताका मी पाहिल्या आहेत, मलाही तो रंग आवडतो. पण रंग विचारला तसं एकदा तरी पाय विचारायला नको?

निळा मांडव आला. गाडीच्या टपाजवळ खिळेबोल्ट मारून बसवला गेला. शेजारीपाजारी पाहून गेले. माझे बांबू वालाच्या वेलाला आधार म्हणून परसात रोवले गेले. आणि मी? मंजुश्री म्हणाली, "पुस्तकाईचे खोके ठेवले का नव्या जमिनीले ओरखडे पडतीन. खाली ही जुनी राहुटी आथरू." आणि मला गाडीत खाली पसरलं. माझ्यावर खोके ठेवले, खोक्यांवर चपला घालून माणसं चढली. डब्यातलं तेल सांडलं ते माझ्याच अंगावर पुसलं. ज्या कापडानं पुस्तकांना डोक्यावरून जपलं, ते कापड पुस्तकांच्या पायाखाली! मी रडले नाही. मी पेटले.

आम्ही संध्याकाळी मैदानावर पोहोचलो. निंबाखालची जागा रिवाजाप्रमाणे आमच्यासाठी मोकळी ठेवलेली होती. सहदेवनं गाडी निंबाला लागून उभी केली, प्रसेनजितनं दांडा फिरवला, आणि निळा मांडव सरसरत बाहेर आला. खोटं बोलणार नाही, छान दिसत होता. बेबीताईंची शेजारीण रुखमाबाई बांगड्यांचं दुकान लावते. तिनं गालावर हात ठेवला. "बेबे, हे तं लगनघर दिसून राह्यलं! नवरदेव कोठी हाये?"

"थो का," बेबीताईंनी सहदेवकडे बोट केलं. "थोडा जुना झाला, पण चालू हाये."

खेळणी विकणारा हिंमतरावही येऊन पाहून गेला. त्याची जागा मैदानाच्या टोकाला, भर उन्हात. कैक वर्षांपासून त्याचा डोळा निंबाच्या सावलीवर होता. वाईट माणूस नव्हता तो. उन्हात त्याचे प्लास्टिकचे घोडे फिके पडायचे, त्यानं तरी काय करावं? तो मांडवाभोवती फिरला, वाकून खाली पाहिलं, गाडीला हात लावून पाहिला आणि निघून गेला. त्याच्या लक्षात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीताई सतरंजीवर पुस्तकं मांडायला बसल्या. पहिला खोका उघडला आणि शिटी वाजली.

"गाड्या बाहेर काढा हो! गाड्या बाहेर!"

"आलोच मी गाडी लावून," म्हणत सहदेव चालकाच्या जागेवर चढला. ही गोष्ट त्यानं इतक्या सहज केली की सांगता सोय नाही. त्यानं चावी फिरवली, ब्रेक सोडला, आणि गाडी हातभर पुढे सरकली.

"आवो थांबा!" बेबीताई ओरडल्या. "मांडव चालला!"

गाडी थांबली. मांडवाचे पुढचे दोन टेकू जमिनीवर ओरखडे काढून थांबले.  मी आत, खोक्यांच्या खाली, अंधारात होते, तरी मला ते ओरखडे ऐकू आले.

मग सगळे एकदम बोलू लागले. प्रसेनजित पाना घेऊन टपावर चढला, पण बोल्ट पक्के बसलेले. "मी इचारलं होतं आई, गाडी काढा लागली तं काय!"

"इचारलं व्हतं तं जोरानं काऊन नाई इचारलं?"

"तू राख-राख करून राह्यली होती!"

शिटीवाला स्वयंसेवक रवी जवळ आला. ओळखीचा होता, दर वर्षी बेबीताईंकडून पुस्तक नेणारा. "काकू, मी तरी काय करू? या वाटेनं सारी गर्दी येते. बाकीच्या गाड्या निघेस्तोवर थांबतो. मंग तुमची काढाच लागीन."

इतक्यात हिंमतराव आला. खांद्यावर बांबू. तो थोड्या अंतरावर उकिडवा बसला आणि बांबू मांडीवर आडवा घेतला.

"मी घाई नाई करत ताई," तो म्हणाला. "गाडी हालू द्या. रिवाज तुमालेबी माईत हाये, मलेबी."

"जीव टांगणीले लावून बसला मेला!" रुखमाबाई तिकडून ओरडली.

"मावशी, मी जाग्यावर बसलो. काई बोललो का?"

"थो बांबू बोलून राह्यला ना!"

मंजुश्रीनं पलंगावरची चादर आणली. "ही बांधली तं?"

हिंमतरावनं मान हलवली. "चादर म्हंजे राहुटी नाई, वहिनी. चार कोपरे, चार खुट्या. माह्या बापाची जागाबी अशीच गेली व्हती."

 बेबीताईंनी निंबाच्या खोडाला पाठ टेकली. मांडवाच्या निळ्या कापडाकडे पाहिलं, मग प्रसेनजितकडे. 'पक्कं' हा शब्द त्या दोघांच्या मधे येऊन उभा होता. प्रसेनजितनं मान खाली घातली. त्याला ही जागा घालवायची नव्हती, हे मला टपावरच्या आवाजावरून कळत होतं. न हलणाऱ्या बोल्टाला तो पुन्हा पुन्हा पाना लावत होता.

"खोके तरी उतरवू," सहदेव म्हणाला. "गाडी गेली तरी पुस्तकं तं इथीच राह्यतीन."

एकेक खोका उतरू लागला. माझ्या अंगावरचं ओझं कमी होत गेलं. शेवटचा खोका बेबीताईंनी स्वतः ओढला आणि त्यांना मी दिसले.

मित्रांनो, त्या क्षणी मी काय केलं असतं तर तुम्हाला आवडलं असतं? मायेनं त्यांच्या हाताला बिलगले असते? मी तशीच पडून राहिले, तेलकट, चपलांच्या ठशांसह. त्यांनी माझ्यावरून हात फिरवला. तेलाच्या डागावर येऊन तो थांबला.

"ऊठ वं माय," त्या हळूच म्हणाल्या.

मग मात्र त्या बाईला गुडघे आहेत हे ती विसरली. "आवो, बांबू!"

"बांबू वालाखाली हायेत," सहदेव म्हणाला. "उंद्रीले."

रुखमाबाईनं आपल्या दुकानामागचा एक बांबू उपसून फेकला. "घ्या! माह्याजवळ जास्तीचा एवढाच हाये." दुसऱ्या टोकाला बांबू नव्हता, म्हणून सहदेवनं माझा वरचा दोर निंबाच्या फांदीवरून टाकून आवळला. एका पायावर उभ्या बगळ्यासारखी मी वर आले. आता खुंट्या. प्रसेनजित इकडे तिकडे धावू लागला तेव्हा बेबीताईंनी माझ्या कोपऱ्यातली पिशवी उलटी केली, आणि लोखंडी खुंट्या खणखणत बाहेर पडल्या. म्हाताऱ्या कारागिरा, तुझं भलं होवो. सहदेवनं जॅकच्या दांड्यानं त्या ठोकायला सुरुवात केली. थंडीतली काळी जमीन, वरून भेगाळलेली, आतून दगड. तरी तीन कोपरे आवळले गेले.

चौथ्या कोपऱ्याची कडीच तुटलेली होती. खोके ओढताना तुटली असणार. दोर लावायचा कशाला?

वाटेवरची शेवटची गाडी निघून गेली होती. रवीनं शिटी ओठांत धरली, वाजवली नाही. हिंमतराव उभा राहिला.

बेबीताईंनी खाली पाहिलं, एक गोल गोटा उचलला, माझ्या कोपऱ्यात आतल्या बाजूनं ठेवला आणि बाहेरून कापडाची मोटली केली. मोटलीच्या मानेला दोर दोनदा गुंडाळून करकचून आवळला. गोटा निसटत नाही, कापड फाटत नाही, जितका ताण तितकी गाठ घट्ट. तो दोर त्यांनी खुंटीला बांधला आणि मांडी ठोकून त्याच खुंटीजवळ बसल्या.

"वाजव आता शिटी," त्या रवीला म्हणाल्या.

प्रसेनजितनं दांडा उलटा फिरवला. निळा मांडव गुंडाळून आत गेला. सहदेवनं गाडी काढली. धूळ उडाली, निंबाची पानं हलली, आणि गाडी वाटेनं निघून गेली.

मी उभी होते.

हिंमतराव माझ्याभोवती एक फेरी मारून गेला. चारी कोपरे त्यानं बोटांनी दाबून पाहिले. गोट्याच्या गाठीपाशी जरा जास्त थांबला. "फटकूर हाये," तो म्हणाला, "पण उभं हाये." बांबू खांद्यावर टाकून तो आपल्या उन्हात परत गेला.

"थो बांबू सांभाळा हिंमतराव," रुखमाबाई मागून म्हणाली, "तुमच्या घोड्याईले बांधाले कामी येईन!"

दुपारी धम्मशीला आली. डोळे अगदीच अधू झाले होते. एक हात नातीच्या खांद्यावर. माझ्या दोराला तिचा हात लागला, तसा तिनं तो वर सरकवत माझ्या कापडापर्यंत नेला. "हेच," ती नातीला म्हणाली. "मातीवानी दिसते ना? मले आता अक्षरं दिसत नाईत, पण ही दुरून दिसते." मग आत येऊन पाटावर बसली आणि बेबीताईंना म्हणाली, "यंदा तू वाच, मी ऐकतो." बेबीताईंनी वाचलं. गिऱ्हाइकं थांबली, तीही ऐकत बसली. प्रसेनजित खोक्यावर बसून ऐकत होता. तो लोणारच्या बुकिंगबद्दल पुन्हा काही बोलला नाही. त्या दिवशीही नाही, नंतरही नाही.

घरी आल्यावर मला सोड्यानं धुतलं. मंजुश्रीनं मशीन काढलं आणि माझ्या एका कडेला निळ्या कापडाची लांब पट्टी शिवली, आत दोरी भरून. गाडीच्या टपाकडेला पन्हाळीसारखी खाच बसवली आहे, तिच्यात ती पट्टी सरकवली की मी गाडीला जोडले जाते. शिटी वाजली की पट्टी ओढून काढायची. गाडी जाते, मी राहते. लोणारच्या पाहुण्यांसाठी तो निळा मांडव गाडीवर आहेच. त्याचा काही दोष नव्हता. त्याला जे जमतं ते तो करतो.

"झाली ना तू निळी?" बेबीताई मला म्हणाल्या. एक पट्टी! एवढ्या वर्षांच्या सावलीबद्दल वीतभर निळं! पण घेतलं मी.

म्हणून मित्रांनो, नवं काही घ्यायला निघालात की जरूर घ्या. रंग पाहा, फोटो पाहा, शेजाऱ्यांना दाखवा. फक्त घ्यायच्या आधी विचारा, ज्याच्या आधारानं हे उभं आहे तेच उठून गेलं तर हे काय करणार? आणि घरात जुनं जे काही असेल ते पायाखाली अंथरण्याआधी आठवून पाहा, त्याच्या खाली कोण कोण बसलं होतं. मला ओली घडी घालू नका, उन्हात वाळवा. माझे बांबू वालाला देऊ नका. वालाला तुरीच्या काड्या चालतात.

आणि हो. चौथ्या कोपऱ्यात अजून तो गोटाच बांधलेला आहे. खामगावला गेलो की कडी आणू, असं सहदेव म्हणतो, आणि दर वेळी विसरून येतो. मेळावा पुन्हा जवळ आला आहे. अहो, कुणी तरी त्याला आठवण करून द्या.